दुहेरीचे देणे

डेन्मार्कच्या मॅथियस बो यांनी पिंपळगाव रेणुकाईचे नाव कधी ऐकले असण्याचे कारण नाही. आमचे गाव भोकरदन तालुक्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीजवळ. देवीवरून त्याचे नाव पडले आणि हिरव्या मिरचीच्या बाजारावरून ते दूरवर पोचले. पावसाळ्यात इथून मिरचीचे ट्रक परराज्यांत निघतात, तेव्हा गाव रात्रभर जागे असते. अशा गावातल्या एका क्रीडाशिक्षकाने युरोपातल्या एका बॅडमिंटनपटूचे ऋण मानावे, हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. पण ज्यांचे देणे या जन्मी फिटणार नाही अशी माणसे मी मोजायला बसलो, तर आईवडील आणि माझे सर यांच्यामागोमाग बो यांचेच नाव येते. त्यांनी मला दुहेरीची लाज वाटण्यापासून सोडवले.

लाज हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. आमच्या भागात बॅडमिंटन म्हणजे एकेरी. वर्तमानपत्रात फोटो एकेरीवाल्याचा, कॉलेजात नाव एकेरीवाल्याचे. दुहेरीत कोणाला घालायचे? जो उंचीने कमी पडतो, ज्याला पूर्ण कोर्ट पळून काढता येत नाही, किंवा जो एकेरीच्या निवडीत बाद होतो त्याला. मी या तिन्हींत बसत होतो. एका निवड चाचणीनंतर निवड करणाऱ्या गृहस्थांनी मला सर्वांसमोर सांगितले, "तू राहू दे, तुला दुहेरीत कुठंतरी बसवू." त्या "कुठंतरी"ने मला बरीच वर्षे छळले.

त्याआधीची गोष्ट सांगतो, कारण ऋणाची सुरुवात तिथे आहे. गावात बॅडमिंटन आणले ते आमच्या सरांनी. विद्यापीठाच्या संघातून ते स्वतः दुहेरी खेळलेले, आणि नोकरीच्या निमित्ताने आमच्याकडे आलेले. आधी शाळेच्या मैदानावर त्यांनी फक्कीने कोर्ट आखले. पण पाच ग्रॅमच्या आसपास वजन असलेले बॅडमिंटनचे ते फूल आमच्या माळावरच्या वाऱ्यात टिकायचे कसे? मारले इकडे की जायचे तिकडे. मग सरांनी मिरचीच्या एका आडत व्यापाऱ्याला गाठले. हंगाम संपला की त्यांचे गोदाम उन्हाळ्यापर्यंत रिकामेच असायचे. "पोरं खेळतील, राखणही होईल," असे सर म्हणाले आणि त्या भल्या माणसाने किल्लीच त्यांच्या हातात दिली. भाडे त्यांनी कधी मागितले नाही.

दुहेरीचे कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असते. गोदाम लांबीला पुरले, रुंदीला जेमतेम पुरले. कडेच्या रेषेवरचे फूल घ्यायला गेले की खांदा भिंतीला घासायचा. नेट म्हणजे दोरीवर शिवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. त्यांना मुरलेल्या मिरचीच्या वासाने पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना ठसका लागायचा. पण खरी अडचण छपराची होती. पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या इतक्या खाली होत्या की उंच मारलेले फूल त्यांत अडकायचे. एकेरी खेळणाऱ्याला उंच, खोल फटका लागतोच. तो आमच्याकडे मारताच येत नव्हता. त्यामुळे आम्ही सपाट खेळायला शिकलो. नेटच्या वरून चार बोटांवर, छातीच्या उंचीने, एकामागून एक फटके. हात खाली गेला की गुण गेला. आज मागे वळून पाहतो तेव्हा कळते की त्या ठेंगण्या छपराने आम्हाला दुहेरीच शिकवली. दुहेरीचा सगळा खेळ या सपाट, वेगवान मारामारीत आहे. फूल वर उचलावे लागले, की समोरचा स्मॅश मारायला मोकळा.

माझा जोडीदार माझ्याहून वीतभर उंच, बाजारात हमाली करणाऱ्या घरातला, दंडात जबर ताकद. तो मागे, मी पुढे. माझी खोड अशी की फूल माझ्या डोक्यावरून गेले की मी मान वळवून मागे पाहायचो. त्याने ते घेतले का, कुठे मारतो आहे, हे पाहिल्याशिवाय चैन पडायची नाही. सर ओरडायचे, "कामून मागं पाहू राहिला रे? मागं तो आहे ना! तू पुढं पाय, समोरचा काय करू राहिला ते पाय." ही एक गोष्ट अंगात मुरायला मला अख्खा एक हंगाम लागला. मान वळवली की अर्धा सेकंद जातो, आणि दुहेरीत अर्ध्या सेकंदात फूल परत आलेले असते. मागच्या माणसाचा फटका न पाहता, समोरच्या दोघांच्या पायांवरून आणि रॅकेटवरून तो ओळखायचा आणि त्याप्रमाणे सरकायचे, हे पुढच्या माणसाचे काम.

सर आम्हाला गोष्टी सांगायचे त्या प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांच्या. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत या जोडीने पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. डिसा यांनी त्याच स्पर्धेत कंवल ठाकूरसिंग यांच्याबरोबर मिश्र दुहेरीतही कांस्यपदक घेतले. तो काळ प्रकाश पदुकोण यांचा. त्यांनी १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकली होती आणि देशाचे सगळे लक्ष, रास्तपणे, त्यांच्यावर होते. गंधे हे महाराष्ट्राचे, मराठी माणूस. तरी आमच्या वर्गातल्या एकालाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते. सरांना याचे फार वाईट वाटायचे. दिल्लीत सुवर्णपदक घेणाऱ्या इंडोनेशियन जोडीत ख्रिस्तियन हादिनाता होते. ऑल इंग्लंडचे विजेते, जगज्जेते, आणि पुढे आपल्या देशात दुहेरीच्या पिढ्यांमागून पिढ्या घडवणारे प्रशिक्षक. तिथे दुहेरी खेळलेल्या माणसाला प्रशिक्षक म्हणून मान होता. सर म्हणायचे, "आपल्याकडं दुहेरीवाला खेळणं थांबला की त्याचं शिक्षण त्याच्यासोबतच जातं." हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले. त्याचा अर्थ कळायला मला २०१२ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी आमच्या जालना जिल्ह्यात पाऊस रुसला होता. पुढे त्याचे भीषण दुष्काळात रूपांतर झाले. मिरचीची रोपे जागेवर करपत होती, बाजारात नेहमीची धावपळ नव्हती. ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिक सुरू होते आणि सगळा देश सायना नेहवालच्या कांस्यपदकाने आनंदलेला होता. मी मात्र पुरुष दुहेरी शोधत होतो, आणि तिथे मला बो पहिल्यांदा नीट दिसले. उपांत्य सामना कोरियाच्या ली योंग-दे आणि चुंग जे-सुंग यांच्याशी. पहिला गेम बो आणि कार्स्टन मोगेनसेन यांनी १७-२१ असा गमावला, दुसरा २१-१८ असा घेतला, आणि तिसरा २२-२० असा हिसकावला. मोगेनसेन मागे, बो पुढे. बो तिशी ओलांडलेले, डावखुरे, आणि नेटजवळ वाकून असे उभे की प्रतिस्पर्ध्याला मारायला जागाच दिसू नये. पूर्ण सामन्यात ते मागे वळून पाहताना मला दिसले नाहीत. माझे सर दहा-बारा वर्षांपूर्वी गोदामात जे ओरडून सांगत होते, ते जगातला एक अव्वल माणूस ऑलिंपिकमध्ये करून दाखवत होता.

अंतिम सामन्यात चीनच्या काय युन आणि फू हायफेंग यांनी त्यांना सरळ हरवले. रौप्यपदक मिळाले. मला त्या पदकाचा रंग महत्त्वाचा वाटला नाही. कमी ताकदीचा माणूस नेटवर उभा राहून सामन्याची दिशा ठरवू शकतो, मागच्याच्या स्मॅशसाठी फूल वर उचलायला भाग पाडणारा तोच असतो, आणि हे एक संपूर्ण, स्वतंत्र कौशल्य आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले. त्या संध्याकाळनंतर मी कोणालाही सांगताना "फक्त दुहेरी खेळायचो" असे म्हटले नाही. "दुहेरी खेळायचो" असे म्हणू लागलो.

मग मी बो-मोगेनसेन जोडीचे जे सापडेल ते पाहत गेलो. २०११ आणि २०१५ अशी दोनदा त्यांनी ऑल इंग्लंड जिंकली. २०१३ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य, युरोपचे विजेतेपद २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये. या दोन विजेतेपदांच्या मध्ये काय घडले ते सांगायलाच हवे. २०१६ च्या सुरुवातीला मोगेनसेन यांना मेंदूचा गंभीर आजार झाला, शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी ते रिओ ऑलिंपिकला बो यांच्याशेजारी उभे राहिले. तिथे पदक मिळाले नाही. पण पुढच्याच वर्षी ही जोडी पुन्हा युरोपची विजेती ठरली. जोडीदार आजारातून उठून कोर्टवर येतो तेव्हा शेजारच्याने त्याला किती झाकायचे आणि किती मोकळे सोडायचे, याचे कोणतेही पुस्तक नाही. बो यांनी जोडीदाराची काळजी कशी घ्यायची हे तिथे कमावले असावे, असे मला नेहमी वाटते. पुढे त्यांनी भारताच्या खेळाडूंना शिकवले त्यात याचा वाटा मोठा असणार.

२०२० च्या एप्रिलमध्ये, टोकियो ऑलिंपिक पुढे ढकलले गेल्यावर, बो यांनी निवृत्ती घेतली. पुढच्या वर्षी ते भारताच्या दुहेरीचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाती आलेली जोडी आधीच घडू लागलेली होती, आणि ती ज्यांनी घडवली त्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही. चिराग शेट्टी मुंबईचा. तो गोरेगावच्या उदय पवार यांच्या अकादमीत शिकला. पवार हे स्वतः राष्ट्रीय पातळीवर दुहेरी गाजवलेले मराठी खेळाडू. खेळणे थांबल्यावर आपली विद्या त्यांनी मुलांच्या हवाली केली. माझ्या सरांची जी खंत होती, तिला गोरेगावात बसून त्यांनी कृतीने उत्तर दिले. दुसरा सात्विकसाईराज रंकीरेड्डी, आंध्रच्या अमलापुरमचा. या दोघांना एकत्र बांधले ते मलेशियाच्या टॅन किम हर यांनी, तेही जुने दुहेरीचे खेळाडू. दोघेही उंच, दोघेही मागून मारणारे. एकाची बोलायची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. तरी टॅन यांनी हट्टाने जोडी ठेवली आणि चिरागला नेटकडे वळवले.

बो आले तेव्हा टोकियो तोंडावर होते. तिथे या मुलांनी गटात तीनपैकी दोन सामने जिंकले. त्यांतला एक तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांच्यावर, शेवटचा गेम २७-२५ असा. पुढे सुवर्णपदक याच तैवानी जोडीने घेतले, आणि आपली मुले गेमच्या हिशेबात गटातूनच बाहेर पडली. असे झाल्यावर जोडी मोडते. एक म्हणतो तुझ्यामुळे, दुसरा म्हणतो तुझ्यामुळे. ही मोडली नाही. दहा महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, बँकॉकला थॉमस करंडकाच्या उपांत्य लढतीत भारतासमोर डेन्मार्क आला. बो यांचा स्वतःचा देश समोर, आणि बो आपल्या बाजूला. सात्विक-चिरागने किम अ‍ॅस्ट्रुप आणि मॅथियस क्रिस्तियनसेन यांना तिसऱ्या गेममध्ये २२-२० असे हरवले. भारताने डेन्मार्कला ३-२ असे मागे टाकले, अंतिम फेरीत इंडोनेशियाला ३-० ने हरवले आणि थॉमस करंडक पहिल्यांदा देशात आला. १५ मे, रविवार. आमच्या गावात त्या दिवशी फटाके वाजले नाहीत, कोणाला फारसे कळलेही नाही. मी मात्र माझ्या जुन्या जोडीदाराला फोन लावला. तो बाजारातच होता. आम्ही दोघेही काही वेळ नीट बोलू शकलो नाही.

पुरुष दुहेरीची एक गंमत बाहेरच्याला कळत नाही. इथे सर्व्हिस करणाराच अडचणीत असतो. फूल खालून वर मारावे लागते. आता तर ते जमिनीपासून १.१५ मीटरच्या वर असता कामा नये असा नियम आहे. नेटवरून ते केसभर वर गेले की समोरचा त्यावर झडप घालतो. म्हणून पहिले तीन-चार फटकेच सामना ठरवतात: सर्व्हिस, तिचा परतावा, आणि त्यानंतरचा हात. बो यांची सगळी कारकीर्द या तीन-चार फटक्यांत गेली. सात्विकचा स्मॅश जगात सर्वांत वेगवान. २०२३ मध्ये जपानमध्ये तो ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. पण स्मॅश मारायला फूल वर यावे लागते, आणि ते वर आणण्याची विद्या बो यांच्याकडे होती. मी वर्षानुवर्षे त्यांचे सामने पाहतो त्यावरून सांगतो, चिरागचे नेटवरचे उभे राहणे त्या काळात बदलत गेले. तो अधिक खाली वाकू लागला, रॅकेट अधिक पुढे धरू लागला.

मलेशियाच्या आरोन चिया आणि सो वूई यिक यांच्यापुढे आपली जोडी आठ वेळा हरली होती. जून २०२३ मध्ये जकार्तात, इंडोनेशिया ओपनच्या अंतिम सामन्यात, तिने त्यांना सरळ दोन गेममध्ये हरवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुबईला आशियाई विजेतेपद आले होते. १९६५ मध्ये दिनेश खन्ना यांनी एकेरीत ते मिळवल्यानंतर भारताला ते मिळाले नव्हते. आणि ७ ऑक्टोबरला हांगझो. आशियाई खेळांतले भारताचे बॅडमिंटनमधले पहिले सुवर्ण पुरुष दुहेरीत आले. दिल्लीत गंधे-डिसांनी कांस्य घेतल्याला तेव्हा ४१ वर्षे झाली होती. सर आता निवृत्त होऊन जालन्याला असतात. त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गंधे सायबांनी पाहिला असल ना रे सामना?" तीन दिवसांनी सात्विक-चिराग ही जोडी जगात पहिल्या क्रमांकावर गेली.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी उपांत्यपूर्व फेरीत त्याच चिया-सो जोडीने, पहिला गेम गमावूनही, आपल्या मुलांना हरवले. त्यानंतर बो यांनी प्रशिक्षकपद सोडत असल्याचे जाहीर केले. हॉलमध्ये आयुष्याचा फार मोठा काळ गेला, आता थकलो, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. मला वाईट वाटले, पण तक्रार करावीशी वाटली नाही. त्या माणसाने आपले काम पूर्ण केले होते. पुढे टॅन किम हर परत आले आणि २०२५ च्या जागतिक स्पर्धेत या जोडीने कांस्यपदक घेतले.

एकेरी खेळलेले मोठे प्रशिक्षक आहेतच, पुल्लेला गोपीचंद आपल्यासमोर आहेत. तरी जगभर पाहिले तर दुहेरीतली माणसे परक्या देशात जाऊन शिकवण्यात विलक्षण यशस्वी झालेली दिसतात. कोरियाचे पार्क जू-बोंग १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये दुहेरीचे सुवर्ण जिंकले आणि पुढे जपानला गेले. त्यांच्या हाताखाली जपानने २०१६ मध्ये महिला दुहेरीचे सुवर्ण घेतले. इंडोनेशियाचे रेक्सी मैनाकी १९९६ चे विजेते, त्यांनी इंग्लंडमध्ये जाऊन शिकवले, आणि अथेन्सला नेथन रॉबर्टसन व गेल एम्स यांनी मिश्र दुहेरीत रौप्य मिळवले. यामागचे कारण माझ्या मते साधे आहे. या लोकांनी उमेदीची सगळी वर्षे दुसऱ्याचा खेळ चांगला व्हावा म्हणून आपला खेळ बेतलेला असतो. प्रशिक्षकाला दुसरे काय करायचे असते?

मी आता त्याच शाळेत शिकवतो. ते गोदाम राहिले नाही, तिथे दुकाने झाली. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने आपले गोदाम दिले आहे, त्याचे छप्पर बरेच उंच आहे. मी तरीही नेटपासून वर दोन हातांवर एक दोरी आडवी बांधतो आणि मुलांना फूल तिच्याखालूनच खेळवायला लावतो. सध्या माझ्याकडे आठवीतल्या दोन मुली आहेत, दोघींची घरे मिरचीवर चालणारी. त्यांना मी एकेरीच्या चाचणीला पाठवून उरलेल्या दुहेरीत टाकलेले नाही. पहिल्या दिवसापासून जोडी म्हणूनच घडवतो आहे. त्यांना त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद यांचे सामने दाखवतो, आणि बो यांचा लंडनचा उपांत्य सामनाही. त्यांतली धाकटी मागे वळून पाहते. तिला मी काय ओरडतो ते वाचकांनी ओळखले असेल.

बो यांचे ऋण त्यांना परत देण्याचा मार्ग माझ्याकडे नाही. सरांचे आणि त्या आडत व्यापाऱ्याचे मात्र मी इथेच काही अंशी फेडू शकतो, आणि त्यासाठी दोन विनंत्या करतो. तालुका आणि जिल्हा पातळीवर निवड करणाऱ्यांनी दुहेरीची चाचणी वेगळी घ्यावी, एकेरीत बाद झालेल्यांतून जोड्या जुळवू नयेत. आणि भोकरदन, जाफराबाद, सिल्लोड भागात ज्यांची गोदामे हंगामानंतर चार-सहा महिने कुलूपबंद असतात, त्यांनी एक किल्ली जवळच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडे द्यावी. फक्की आणि दोरी आम्ही आणू.